खासगी गटाचा चॅट सर्व्हर : अ‍ॅडमिनला वाचता यावं की नाही?

प्रश्न : व्यसनातून बाहेर पडलेल्या आणि पडू पाहणाऱ्या माणसांचा आमचा 70 जणांचा आधारगट आहे. आजवर सगळं नेहमीच्या मेसेजिंग अ‍ॅपवरच्या एका ग्रुपमध्ये चाललं. तिथे सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात. गट सोडून गेलेल्या एकाने नुकतेच दोघांच्या घरी फोन केले आणि सगळे हादरले. आता स्वतःचा सर्व्हर घ्यायचं चाललंय. चॅटच्या सॉफ्टवेअरसाठी कोणी मॅट्रिक्स म्हणतं, कोणी एक्सएमपीपी, कोणी मॅटरमोस्ट. लिनक्स जाणणारा एक स्वयंसेवक आहे, दुसरी शिकायला तयार आहे. विषयवार चार-पाच रूम हव्यात, व्हॉइस मेसेज आणि फोटो चालायला हवेत. सर्वांत सुरक्षित कोणता?
– एक समन्वयक

उत्तर : नमस्कार. तुमच्या गटाला त्रास झाला तो हॅकरमुळे नाही, आत रीतसर असलेल्या माणसामुळे. जगातलं कुठलंही एन्क्रिप्शन त्याला अडवू शकलं नसतं. नंबर दिसला नसता, तर मात्र ते फोन झाले नसते. म्हणून पहिली अट एन्क्रिप्शनची नाही, खातं फोन नंबराशी बांधलेलं नसावं ही आहे. (जुन्या ग्रुपमधून जे नंबर बाहेर गेले ते गेले. नव्या सर्व्हरचा फायदा पुढे येणाऱ्यांना जास्त, हे सदस्यांना स्पष्ट सांगा.)

सर्व्हर घ्यायलाच हवा का, हेही एकदा तपासा. सिग्नल या मेसेजिंग अ‍ॅपमध्ये 2024 पासून यूजरनेम देता येतं आणि ग्रुपमधल्या अनोळखी लोकांना नंबर दिसत नाही. 'नंबरवरून मला कोण शोधू शकेल' हे 'कोणीही नाही' वर ठेवलं, की जुना नंबर जवळ असलेल्यालाही तुमचं खातं सापडत नाही. मेसेज जास्तीत जास्त चार आठवड्यांत आपोआप पुसले जातील अशी सोय आहे, आणि सर्व्हर सांभाळायचा ताप शून्य. पंधरा-वीस जणांचा गट असता तर आम्ही इथेच थांबायला सांगितलं असतं. तुमची अडचण अशी, की पाच रूम म्हणजे पाच सुटे ग्रुप. एखाद्याला काढायचं तर पाच ठिकाणांहून काढा, नवा आला तर पाच ठिकाणी घ्या. शिवाय खातं उघडायला नंबर लागतोच, आणि घरातल्या सामायिक फोनवर असणाऱ्यांचं त्यात काय करायचं हा प्रश्न उरतो.

तर सर्व्हर. मॅट्रिक्स की मॅटरमोस्ट यावर वाद घालण्याआधी गटाने बसून एकच प्रश्न सोडवायचा : सर्व्हर सांभाळणाऱ्या दोघांना सगळ्यांचं बोलणं वाचता यावं का?

मॅटरमोस्ट आणि त्याच्यासारखंच झूलिप यांत संदेश डेटाबेसमध्ये साध्या मजकुराच्या रूपात राहतात. ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यामधला प्रवास टीएलएसने (वाटेतल्या एन्क्रिप्शनने) झाकलेला असतो, पण सर्व्हरवर ज्याचा हात पोचतो त्याला सगळं वाचता येतं. म्हणजे तुमचे दोन स्वयंसेवक, होस्टिंग कंपनी, आणि उद्या कोणी सर्व्हर फोडला तर तोही. बदल्यात बरंच काही मिळतं. शोध नीट चालतो, नव्या सदस्याला मागची चर्चा दिसते, तक्रार आली तर मूळ संदेश समोर असतो, आणि 'जुने मेसेज उघडत नाहीत' ही ओरड कधीच ऐकावी लागत नाही. झूलिपमध्ये प्रत्येक संदेशाला विषयाचं लेबल असतं, त्यामुळे मोठ्या गटातही धागा सापडतो. कामाच्या टीमसाठी, अभ्यासमंडळासाठी, सोसायटीच्या कमिटीसाठी आम्ही झूलिपच सुचवतो. तुमच्या गटात मात्र लोक काल रात्री काय झालं ते लिहिणार, आणि ते दोन स्वयंसेवक स्वतः त्याच गटाचे सदस्य. आमच्या मते इथे उत्तर 'नको' असायला हवं. ते तसं असेल तर एंड-टू-एंड एन्क्रिप्शन (संदेश फक्त सदस्यांच्या फोनवर उघडतो, सर्व्हरवर नाही) लागतं, आणि शर्यतीत मॅट्रिक्स व एक्सएमपीपी एवढेच उरतात.

एक्सएमपीपी 1999 सालच्या जॅबरपासून चालत आलेलं आहे आणि फार हलकं आहे. प्रोसोडी हा सर्व्हर एक जीबी रॅमच्या मशीनवर आरामात चालतो. त्याचं स्निकेट नावाचं बांधून दिलेलं रूप मिळतं, ज्यात खातं फक्त निमंत्रणाच्या लिंकनेच उघडतं आणि सर्व्हरवरचा इतिहास मुळात सात दिवसांचाच ठेवला जातो. लिनक्स जाणणारा माणूस ते एका संध्याकाळी उभं करेल. कुरकुर आहे ती अ‍ॅपबद्दल. एन्क्रिप्शनचं ओमेमो नावाचं तंत्र वेगवेगळ्या अ‍ॅपमध्ये कमी-जास्त नीट चालतं, अँड्रॉइडवर जे सहज होतं ते आयफोनवर अडू शकतं, आणि नवा फोन घेतला की जुने एन्क्रिप्टेड संदेश त्यावर उघडत नाहीत. एक-दोन रूम पुरत असत्या आणि इतिहासाची पर्वा नसती, तर स्निकेटच घ्या म्हटलं असतं.

तुमच्यासाठी आमचा कौल मॅट्रिक्सला : सिनॅप्स हा मॅट्रिक्सचा सर्व्हर, फेडरेशन (बाहेरच्या मॅट्रिक्स सर्व्हरशी जोडणी) बंद, नोंदणी टोकनने (निमंत्रणाच्या कोडने), सगळ्या रूम एन्क्रिप्टेड, फोनवर एलिमेंट एक्स हे अ‍ॅप. रूमचे गट करायला 'स्पेस' आहे, संदेश उघडायच्या चाव्यांचा बॅकअप आहे, फोनची अ‍ॅप अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हीकडे सारखी आहेत. जड आहे, हे खरं. पण सिनॅप्स रॅम खातो ही जी ख्याती आहे ती मुख्यतः फेडरेशनमुळे. बाहेरच्या हजारो सदस्यांच्या रूममध्ये तुमच्या सर्व्हरवरचं कोणी शिरलं, की त्या रूमचा सगळा पसारा तुमच्या डेटाबेसमध्ये येतो. दार बंद ठेवलं तर 70 जणांना दोन कोअर आणि चार जीबी रॅम भरपूर झाली.

डिस्कचा हिशोब आधी मांडा, कारण तीच आधी भरते. प्रत्येकाने दिवसाला दोन एमबीचे दोन फोटो टाकले, तर 70 जणांचे दिवसाला 280 एमबी, महिन्याला साधारण साडेआठ जीबी. 80 जीबीची डिस्क वर्षाच्या आत संपते, आणि डिस्क संपली की पोस्टग्रेस हा डेटाबेस थांबतो आणि सगळंच बंद पडतं. अपलोडची मर्यादा मूळच्या 50 एमबीवरून 20 वर आणा. अ‍ॅडमिन एपीआयमध्ये (सर्व्हरला थेट आज्ञा द्यायच्या मार्गात) तारखेनुसार मीडिया पुसायची सोय आहे. 90 दिवसांत कोणी न उघडलेल्या फाइल्स दर महिन्याला पुसायचं काम क्रॉनला (ठरल्या वेळी आपोआप कामं करणाऱ्या लिनक्सच्या सोयीला) देऊन टाका. प्रोफाइलचे फोटो त्यात मुळात वगळलेलेच असतात.

डोमेनचं नाव घाईत घेऊ नका. सिनॅप्समध्ये 'सर्व्हर नेम' एकदा ठरलं की बदलता येत नाही, कारण प्रत्येकाच्या पत्त्यात ते कोरलेलं असतं. बदलायचं तर सगळी खाती नव्याने. आणि नावातून गट कशाचा आहे हे कळू देऊ नका. टीएलएस प्रमाणपत्र काढलं की ते डोमेन प्रमाणपत्रांच्या सार्वजनिक नोंदवहीत जातं, ती कोणीही चाळू शकतो. 'नशामुक्ती-चॅट' असं सबडोमेन घेतलंत तर ते पहिल्याच दिवशी जगजाहीर. काहीही अर्थ नसलेलं नाव घ्या.

मांडणीत नेमकं कुठे अडतं ते सांगतो, बाकीचं अधिकृत दस्तऐवजात नीट आहे. डेटाबेस पोस्टग्रेसच घ्या. चाचणीसाठी येणारा एसक्यूलाइट खऱ्या वापराला नाही. पोस्टग्रेसमध्ये डेटाबेस तयार करताना एन्कोडिंग यूटीएफ-8 आणि कोलेशन (अक्षरं लावायचा क्रम) 'सी' द्यावं लागतं, ते विसरलं तर सिनॅप्स सुरूच होत नाही. सिनॅप्सच्या पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर लावाल, तर त्याची अपलोड मर्यादा मुळात एक एमबी असते. सिनॅप्समध्ये 20 ठेवूनही फोटो जात नाहीत आणि लॉगमध्ये 413 ('फाइल फार मोठी') दिसतो, तो याचमुळे. अ‍ॅपला सर्व्हर सापडावा म्हणून डोमेनवर 'वेल-नोन' फाइल ठेवावी लागते. फोनवरून लॉगिन होतं पण ब्राउझरमधून होत नाही असं झालं, तर त्या फाइलला कॉर्सचा (दुसऱ्या साइटवरच्या पानाला ती वाचू देणारा) हेडर लावायचा राहिला आहे. आणि बाहेरच्या जगाला फक्त मॅट्रिक्सचे क्लायंट मार्ग उघडे ठेवा. 'सिनॅप्स अ‍ॅडमिन' ने सुरू होणारा मार्ग एनजिनएक्समधून जाऊच देऊ नका, तो सर्व्हरवर आतूनच वापरायचा.

फेडरेशन बंद करायला दोन गोष्टी कराव्या लागतात : फेडरेशनसाठी परवानगी असलेल्या डोमेनची यादी रिकामी ठेवायची, आणि लिसनरच्या (सिनॅप्स कुठल्या पोर्टवर काय ऐकतो त्या) यादीतून 'फेडरेशन' काढायचं. 8448 पोर्ट उघडूच नका. फायरवॉलमध्ये 80, 443 आणि एसएसएच (सर्व्हरवर दुरून लॉगिन) एवढं पुरे, एसएसएच फक्त चावीने, पासवर्डने नाही.

नोंदणी 'टोकन लागेल' या अटीवर उघडा. प्रत्येक सदस्याला वेगळं, एकदाच चालणारं आणि आठ दिवसांत मरणारं टोकन द्या. सगळ्यांना मिळून एक टोकन दिलं की ते फॉरवर्ड होणार, यात शंका नको. ईमेल मागू नका. सदस्यांना आधीच सांगा की यूजरनेम कायमचं असतं, त्यात खरं नाव किंवा जन्मसाल घालू नये. दिसणारं नाव हवं तेव्हा बदलता येतं.

नव्या रूम आपोआप एन्क्रिप्टेड होतील अशी सेटिंग पहिल्या दिवशी लावा. एकदा चालू केलेलं एन्क्रिप्शन रूमला परत बंद करता येत नाही, आणि ते चांगलंच आहे. इतिहास 'सामील झाल्यापासून पुढचा' एवढाच दिसेल असं ठेवा. आज आलेल्याला गेल्या वर्षीचं दुसऱ्याचं दुखणं वाचायचं कारण नाही. कोणी रूम सोडली किंवा काढला गेला, की पुढचे संदेश नव्या चावीने बंद होतात, त्याला ते उघडत नाहीत. आधीचे त्याच्या फोनवर राहतातच.

आता एन्क्रिप्शन काय झाकत नाही, ते. मॅट्रिक्समध्ये रूमचं नाव, विषयाची ओळ, सदस्यांची यादी, कोणी कधी लिहिलं याच्या वेळा आणि संदेशांवर दिलेल्या इमोजी प्रतिक्रिया सर्व्हरवर उघड्या असतात. रूमला 'पुन्हा प्यायलेले' असं नाव दिलं, तर आतलं एक अक्षर न वाचताही अ‍ॅडमिनला यादी मिळाली. 'रूम 3' चालेल. सदस्यांचे आयपी पत्ते सिनॅप्स मुळात 28 दिवस ठेवतो, पुसलेल्या संदेशाचा मजकूर सात दिवस डेटाबेसमध्ये राहतो. दोन्ही आकडे कॉन्फिगमध्ये कमी करता येतात, करा. एनजिनएक्सच्या लॉगमध्येही आयपी असतात, तो लॉग आठवड्यापेक्षा जास्त ठेवू नका. लिंकचं प्रीव्ह्यू सर्व्हर तयार करतो, म्हणजे लिंक त्याला कळते. ते मुळात बंद असतं, बंदच ठेवा.

वाईट मनाचा अ‍ॅडमिन स्वतःला रूममध्ये घुसवू शकतो का? हो, पण ते रूममध्ये सगळ्यांना दिसतं, आणि त्याला आधीचं वाचता येत नाही. म्हणून 'नवा सदस्य आला' अशी ओळ दिसली की कोण आलं हे विचारायची सवय गटाला लावा. ही सवय एखाद्या महागड्या सुरक्षा साधनापेक्षा जास्त कामाची आहे.

हे सगळं पुस्तकी वाटत असेल तर दोन घटना बघा. एप्रिल 2019 मध्ये खुद्द मॅट्रिक्स डॉट ऑर्गच्या सर्व्हरमध्ये जुन्या, अपडेट न केलेल्या जेन्किन्समधून (सॉफ्टवेअर बांधणीच्या साधनातून) घुसखोर शिरला. साधे संदेश आणि पासवर्डचे हॅश (सांकेतिक रूपं) त्याच्या हाताशी होते, एन्क्रिप्टेड संदेश तेवढे सुरक्षित राहिले. पण खबरदारी म्हणून सगळ्यांना लॉगआउट करावं लागलं, आणि ज्यांनी चाव्यांचा बॅकअप घेतला नव्हता त्यांचे स्वतःचेच जुने संदेश कायमचे बंद झाले. दुसरी ऑक्टोबर 2023 ची. जॅबर डॉट आरयू या जुन्या एक्सएमपीपी सेवेच्या होस्टिंगच्या जाळ्यातच कोणीतरी मधे बसून, त्या डोमेनची वेगळी प्रमाणपत्रं लेट्स एन्क्रिप्ट या प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थेकडून मिळवून, टीएलएसचा प्रवाह काही महिने वाचत होतं. उघड झालं ते त्या मधल्याने आपलं एक प्रमाणपत्र वेळेवर नवं केलं नाही म्हणून. यावर दोन उपाय लगेच करता येतात. डीएनएसमध्ये सीएए नोंद (प्रमाणपत्र कोण देऊ शकेल ते सांगणारी) टाका आणि तीत तुमचा लेट्स एन्क्रिप्टचा खाते-पत्ता बांधा, म्हणजे दुसऱ्या खात्यावरून प्रमाणपत्र निघणार नाही. आणि प्रमाणपत्रांच्या सार्वजनिक नोंदवहीवर तुमच्या डोमेनसाठी सूचना लावून ठेवा.

बॅकअपबद्दल लोक एकतर काहीच करत नाहीत किंवा चुकीचं करतात. घ्यायच्या गोष्टी चार : पोस्टग्रेसचा डंप (डेटाबेसची पूर्ण प्रत), मीडियाचं फोल्डर, मुख्य कॉन्फिग फाइल आणि सर्व्हरची साइनिंग की. डंप घेताना एकदाच वापरायच्या चाव्यांचं, म्हणजे 'वन टाइम कीज' चं, टेबल रिकामं ठेवायचं. जुना डंप परत चढवला आणि त्यात वापरून झालेल्या चाव्या आल्या, तर सर्व्हर त्या पुन्हा वाटतो आणि नवे संदेश उघडेनासे होतात. बॅकअप त्याच कंपनीच्या त्याच खात्यात ठेवू नका. सर्व्हरवरून निघण्याआधीच तो एन्क्रिप्ट करा, रेस्टिक नावाचं साधन हे काम नीट करतं. आणि दर तीन महिन्यांनी तो रिकाम्या मशीनवर चढवून बघा. न चढवलेल्या बॅकअपवर भिस्त ठेवणारे पुष्कळ पस्तावलेत.

सिनॅप्सची नवी आवृत्ती साधारण दर दोन आठवड्यांनी येते. प्रत्येक घ्यायलाच हवी असं नाही, पण सुरक्षेची सूचना आली तर त्याच दिवशी घ्यायची. ती सूचना वाचणार कोण, हे दोघांत ठरलेलं हवं. जुने संदेश पुसायला सिनॅप्समध्ये मुदतीची सोय आहे, तरी आम्ही सोपी रीत सुचवू : दर सहा महिन्यांनी नवी रूम उघडा, सगळ्यांना तिकडे बोलवा आणि जुनी अ‍ॅडमिन एपीआयने डेटाबेसमधून पूर्ण काढा. लोकांना ते कळतं, आणि 'किती जुनं राहतं?' याचं एका वाक्यात उत्तर देता येतं.

कॉल सुरुवातीला नकोच. एलिमेंट एक्सच्या कॉलसाठी लाइव्हकिट नावाचा वेगळा सर्व्हर उभा करावा लागतो, जास्तीची पोर्ट उघडावी लागतात, आणि लॉगिन-संदेश धड चालत नसताना हे अंगावर घेणं म्हणजे स्वयंसेवक पळवून लावायची खात्रीशीर पद्धत. व्हॉइस मेसेज त्याच्याशिवाय चालतात.

नोटिफिकेशनबद्दल विचारणारे भेटतीलच. फोनला जाग येते ती सहसा अ‍ॅपल किंवा गूगलच्या मार्गाने. त्यातून संदेशाचा मजकूर जात नाही, फक्त अमुक रूममध्ये काहीतरी आलं एवढी खूण जाते, आणि अ‍ॅप तो संदेश स्वतः आणून उघडतं. पण उघडल्यावर तो लॉक स्क्रीनवर दिसतो! सामायिक फोनवाल्यांना लॉक स्क्रीनवरचा मजकूर बंद करायला आणि अ‍ॅपला पिन लावायला पहिल्या दिवशीच शिकवा. तुमच्या गटात गुपित फुटण्याची सर्वांत जास्त शक्यता इथे आहे, सर्व्हरवर नाही.

सदस्यांकडून एकच गोष्ट अडून करून घ्या : रिकव्हरी की कागदावर. फोन हरवला, पासवर्ड विसरला, अ‍ॅप काढून परत टाकलं, तर जुने संदेश उघडायला आणि नवा फोन 'आपलाच' म्हणून सिद्ध करायला तीच लागते. अ‍ॅडमिनकडे ती नसते, असूही नये. तिचा स्क्रीनशॉट त्याच फोनमध्ये ठेवण्यात अर्थ नाही. आधी आठ-दहा जणांना दोन आठवडे वापरू द्या, त्यात प्रत्येकाने एकदा मुद्दाम लॉगआउट करून रिकव्हरी की टाकून परत यायचं. इथे अडखळणारे दोघे-तिघे निघतील, आणि त्यांना मदत करताना जी पाच वाक्यं तुम्ही पुन्हा पुन्हा सांगाल तीच बाकीच्या साठ जणांसाठी सूचनापत्रक. जुना ग्रुप महिनाभर 'फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतील' असा ठेवा, मग बंद करा. जुन्या गप्पा नव्या सर्व्हरवर आणायचा मोह टाळा.

तक्रारींची पद्धतही आधी ठरवा. एन्क्रिप्टेड संदेशाची तक्रार केली तर अ‍ॅडमिनला कोणता संदेश एवढंच कळतं, मजकूर दिसत नाही. तक्रारदारानेच तो दाखवावा लागेल. सदस्य एकमेकांना खासगी संदेशही पाठवू शकतात, तेव्हा 'दुर्लक्ष करा' हे बटण कुठे आहे ते सगळ्यांना माहीत हवं.

दोघा स्वयंसेवकांसाठी : अ‍ॅडमिनचं खातं रोजच्या गप्पांच्या खात्यापासून वेगळं. डोमेन आणि होस्टिंग या दोन्ही खात्यांना दुहेरी पडताळणी, आणि त्यांचे तपशील तिसऱ्या विश्वासू माणसाकडे बंद पाकिटात. लिनक्स जाणणारा एकटाच सगळं करत असेल तर दुसऱ्या स्वयंसेविकेकडून निदान तीन कामं करून घ्या : अपडेट, बॅकअप चढवणं, खातं बंद करणं.

आणि पासवर्ड बदलून मागणाऱ्याला लगेच बदलून देऊ नका. ईमेल नसल्यामुळे हे काम अ‍ॅडमिनच करणार, आणि 'मी अमुक, माझा फोन गेला' असा निरोप कोणीही पाठवू शकतो. गटातल्या ज्याने त्या सदस्याला आणलं त्याने प्रत्यक्ष भेटून किंवा आवाज ओळखून हो म्हटल्यावरच बदल करायचा. फोन खरंच चोरीला गेला असेल तर आधी त्या खात्याची सगळी उपकरणं लॉगआउट करा. एपीआयने पासवर्ड बदलला की ती मुळात लॉगआउट होतातच. मग नवा पासवर्ड द्या, आणि त्या माणसाला घरी जाऊन रिकव्हरी कीचा तो कागद शोधायला सांगा.